साळवे सरांनी थांबवलेला वर्ग

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, भगवंत भोपी यांच्या टेबलाच्या खणात, एक अर्ज तेवीस दिवस पडून होता. भोपी हे तिथले कार्मिक अधिकारी. कामगारांच्या रजा, हजेऱ्या, तक्रारी सगळ्या त्यांच्या हातून जायच्या. साल होतं २००६ आणि अर्ज होता पायल जगधने या मुलीचा. वय तेवीस, दीड वर्षापासून पॅकिंग विभागात कंत्राटावर.

वहीच्या दोन पानांवर पायलने लिहिलं होतं की सुपरवायझर दौलतराव शिर्के काम बघायच्या निमित्ताने मागे येऊन उभे राहतात. खांद्यावर, कमरेवर हात ठेवतात. खोकी मोजायला म्हणून एकटीला स्टोअरमध्ये बोलावतात आणि दार लोटून घेतात. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा ती गेली नाही, म्हणून तिला दुसऱ्या पाळीत टाकलं. शेवटची ओळ होती, 'मला काम करायचे आहे. कृपया मला काम करू द्यावे.'

काम करू द्यावे! जी मुलगी वेळेवर येते, मान खाली घालून आठ तास खोकी भरते, तिला ही गोष्ट विनंती करून मागावी लागते. आणि ती विनंती ज्याच्या हातात पडते तो कागदाची घडी घालतो आणि खण बंद करतो. आपल्यापैकी कितीजणांच्या कचेरीत असे खण आहेत, ते ज्याने त्याने आठवून पाहावं.

भोपी वाईट माणूस नव्हते. बदलापूरजवळच्या सोनिवली गावचे, शेतकरी घरातले. घरातला पहिला पदवीधर, एकोणीस वर्षांची नोकरी, कुणाशी भांडण नाही. पण अर्ज दाबून ठेवणारी माणसं बहुधा अशीच असतात. ती घाबरलेली असतात, आणि आपल्या घाबरण्याला समजूतदारपणा म्हणतात.

अर्ज आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते तो घेऊन जनरल मॅनेजरकडे गेले होते. मॅनेजरांनी अर्ज वाचलाही नाही. पहिली ओळ पाहून परत केला. शिर्के चौदा वर्षं पॅकिंग सांभाळतोय, परदेशी पाठवायच्या मालाची ऑर्डर तोंडावर आहे, आत्ता कागद वाढवू नका, असं ते म्हणाले. मग त्यांना एक कल्पना सुचली. आठ मार्चला महिला दिन येतोच आहे. बायकांसाठी कराटेचं शिबिर ठेवा. मुली जरा धीट होतील, स्थानिक पेपरात फोटोही येईल.

भोपींना सुटल्यासारखं झालं. अर्जाचं काहीतरी केल्याचं समाधान मिळणार होतं आणि अर्जाला हातही लावावा लागणार नव्हता.

शिबिरासाठी माणूस शोधायची गरज नव्हती. त्यांची मुलगी जिज्ञासा तीन वर्षांपासून बबन साळवे सरांकडे कराटे शिकत होती. अंबरनाथच्या एका शाळेच्या हॉलमध्ये सरांचा वर्ग चाले. सर सहासष्ट वर्षांचे. अंगाने काटक, केस पांढरेफेक, उजव्या पायात जुन्या दुखापतीची किंचित लचक. हॉलमध्ये शिरताना ते आधी उंबऱ्याशी थांबून वाकत, मग सगळ्यांच्या आधी स्वतः झाडू घेत. तीस वर्षांत त्यांच्या हाताखालून हजाराच्या वर पोरं गेली होती. कुणी पोलिसात लागलं होतं, कुणी रिक्षा चालवत होतं, कुणी उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये दुकान टाकून बसलं होतं. सर दिसले की सगळी उठून उभी राहत.

भोपींनी शिबिराचं सांगितलं तेव्हा सरांनी एकच विचारलं, "बायकांनी मागितलंय का हे?"

"हो, त्यांचीच मागणी आहे," भोपी म्हणाले. ते खोटं होतं.

आठ मार्चला कँटीनमधली टेबलं भिंतीला लावली. पंचेचाळीस बायका खाली सतरंजीवर बसल्या. समोर खुर्च्यांवर मॅनेजर, भोपी, दोन इंजिनियर आणि दौलतराव शिर्के. पॅकिंगमध्ये सगळ्यात जास्त बायका, म्हणून स्वागताचं भाषण शिर्केंना दिलं होतं. नारीशक्तीवर ते पाच मिनिटं बोलले. आपल्या विभागातल्या मुली म्हणजे आपल्या लेकीच, असं म्हणाले. पायल तिसऱ्या रांगेत बसून हे ऐकत होती.

सर उठले. सुरुवातीला उभं कसं राहायचं, श्वास कसा घ्यायचा, मनगट कुणी धरलं तर अंगठ्याच्या बाजूने कसं सोडवायचं, हे त्यांनी दाखवलं. बायका लाजत, हसत उठल्या, एकमेकींची मनगटं धरून करू लागल्या. मग सरांनी विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय ते तुम्हीच सांगा.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी मोतीबाई पाटील उठल्या. पन्नाशीच्या, पॅकिंगमधल्या सगळ्यात जुन्या.

"सर, मागशी येऊन कोन खांद्याव हात टाकला, तं काय कराचा?"

सरांनी दाखवलं. कोपर कसं मागे न्यायचं, पाऊल कसं बाजूला टाकायचं. मग दुसरीने विचारलं, खोलीचं दार आतून लोटलेलं असेल तर? तिसरीने विचारलं, दोन्ही हातांत खोकं असेल आणि खाली ठेवायला जागाच नसेल तर? सर उत्तर देता देता थांबले. रस्त्यावरच्या गुंडाबद्दल विचारणाऱ्या बाया त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. अंधार, गल्ली, पर्स ओढणारा. हातात खोकं घेतलेली बाई गल्लीत नसते.

नेमके तेव्हाच शिर्के उठले. वातावरण जड झालंय असं त्यांना वाटलं असावं.

"सर, ऐसे नहीं समझेगा इनको. मी होतो गुंडा. प्रॅक्टिकल करून दाखवू. पायल, ये इकडे. मी तुला मागून पकडतो, तू सोडवून दाखव."

खुर्च्यांवरची मंडळी हसली. सतरंजीवर एकही बाई हसली नाही. पायल उठली, पण पुढे आली नाही. एक एक पाऊल मागे सरकत ती भिंतीला टेकली. दोन्ही हात तिने छातीशी घट्ट धरले होते आणि नजर जमिनीवर होती. शिर्के हसत हसत तिच्या दिशेने निघाले.

साळवे सर मध्ये येऊन उभे राहिले. हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. फक्त उभे राहिले.

"खाली बसा."

"अरे सर, मजाक..."

"बसा म्हणतो मी."

शिर्के बसले. सरांनी एकदा पायलकडे पाहिलं, एकदा मोतीबाईंकडे. मग ते खुर्च्यांकडे वळले.

"साहेब, हा वर्ग मी इथेच थांबवतोय. खांद्यावरचा हात झटकायला ताकद लागत नाही, ते तीन वर्षांच्या पोरीलाही येतं. या बाया झटकत नाहीत, कारण झटकला तर काम जाईल हे त्यांना पक्कं माहीत आहे. त्याच्यावर कराटेत डाव नाही. तो डाव तुमच्याकडे आहे. तुम्ही तो खेळत नाही आणि वर मला बोलावता, यांना धीट करायला!"

मॅनेजर उठून निघून गेले. फोटो काढायला आलेला माणूस कॅमेरा पिशवीत घालू लागला. बायका मात्र जागच्या उठल्या नाहीत.

सर भोपींच्या मागोमाग त्यांच्या केबिनमध्ये आले आणि दार लावून बसले. तुम्हाला हे आधीपासून ठाऊक होतं का, असं त्यांनी सरळ विचारलं. भोपींनी खण उघडून अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. सरांनी तो चष्मा लावून सावकाश, दोनदा वाचला. तारीख पाहिली. तेरा फेब्रुवारी.

भोपी बोलत सुटले. आपण लहान माणूस, वर साहेब आहेत, शिर्केंचे हात लांब आहेत, मुलीचीच बदनामी होईल, तिचं पुढे लग्न व्हायचंय. आणि शेवटी म्हणाले, "सर, मलाही मुलगी आहे. मला कळतं हो सगळं."

तेव्हा मात्र सर चिडले.

"जिज्ञासाला यात आणू नका. पायल कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी बहीण, म्हणून तिचा मान राखायचा का? नातं कुणाला वाचवत नाही, भोपी. माझी तर सख्खी बहीण होती."

आणि साळवे सरांनी जी गोष्ट त्यांच्या शिष्यांपैकी कुणाला ठाऊक नव्हती, ती भोपींना सांगितली.

बबन साळवे दहा वर्षांचे होते तेव्हा वस्तीजवळच्या तालमीच्या खिडकीतून कुस्त्या बघत. आत पाऊल टाकायची मनाई होती. त्यांच्या जातीच्या पोराने तांबड्या मातीला हात लावलेला तिथे चालत नसे. दोन वर्षं ते खिडकीतून बघून बघून डाव शिकले आणि घरामागच्या मुरमाड जागेत एकटेच घोटत बसले. रामभाऊ नावाच्या म्हाताऱ्या वस्तादाने त्यांना तसं पाहिलं. रामभाऊ लाठी खेळत. तालमीच्या लोकांशी भांडून त्यांनी उघड्या मैदानात या पोराला लाठी शिकवली. बबन शिकला तोवर सोबत आणखी पंधरा पोरं उभी राहिली होती. छप्पन साली साळवे कुटुंबाने बौद्ध धम्म घेतला. पुढे बबन कारखान्यात फिटर झाले. सुटी झाली की मुंबईला जाऊन ज्युडो शिकायचे. कराटे आलं तेव्हा तिशी उलटली होती. वीस वर्षांच्या पोरांच्या हाताखाली पुन्हा पहिल्या इयत्तेपासून सुरुवात केली. छत्तिसाव्या वर्षी काळा पट्टा मिळाला. अंबरनाथमध्ये फार थोड्यांकडे तो होता आणि सरांना त्याचा गर्व होता, असं ते स्वतःच म्हणाले.

"अठ्ठ्याहत्तर साली," सर सांगू लागले, "माझी धाकटी बहीण द्रौपदी हॉलवर आली. कॅम्प दोनला दिली होती तिला. तोंड सुजलेलं, दोन्ही पोरं बरोबर. त्या दिवशी माझ्या मुलांची पट्ट्याची परीक्षा होती. मी तिला दारातच सांगितलं, नवरा-बायकोचं आहे, मी मध्ये कसा पडू? थोडं सहन कर. ती परत गेली. पंधरा दिवसांनी त्याने तिला असं मारलं की डाव्या कानाने ती आजतागायत ऐकू शकत नाही."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले की बातमी कळल्यावर ते गेले, मेहुण्याच्या उंबऱ्यावर सकाळपासून दुपारपर्यंत नुसते बसून राहिले आणि बहिणीला व पोरांना घेऊन आले. हात उचलावाच लागला नाही. मेहुणा आतून बाहेर आला नाही. शेजारीपाजारी गोळा झाले. इतके दिवस भिंतीपलीकडून सगळं ऐकणारे ते शेजारी त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या बाजूने बोलले.

"एवढंच करायचं होतं," सर म्हणाले. "पंधरा दिवस आधी करता आलं असतं. विटा फोडणारा हात होता माझा आणि मी घड्याळाकडे बघत होतो. मला खिडकीबाहेर ठेवलं तेव्हा रामभाऊ वस्ताद माझ्यासाठी भांडले होते. तिच्यासाठी मी भांडलो नाही. तेव्हापासून मी शिकवायचं बदललं. मार खाणाऱ्याला सुटायला शिकवतोच, पण बघणाऱ्याला पाऊल उचलायला आधी शिकवतो. बाकी तुमची मर्जी."

सर उठून गेले. भोपी एकटेच बसून राहिले. मग त्यांनी आवक नोंदवही ओढली. पायलच्या अर्जाला क्रमांक घातला, आणि शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं: 'अर्ज दि. १३ फेब्रुवारी रोजी मिळाला. तेवीस दिवस माझ्याकडे विनाकारण पडून राहिला. भ. भोपी.'

तो अर्ज घेऊन ते पुन्हा मॅनेजरकडे गेले. कामाच्या जागी बाईचा असा छळ झाला तर तक्रार समिती नेमायची, तिची अध्यक्ष बाई असली पाहिजे, निम्म्या तरी सदस्य बायका असल्या पाहिजेत आणि बाहेरच्या संस्थेचं एक माणूस असलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ सालीच सांगून ठेवलं होतं. नऊ वर्षं झाली होती! त्या आदेशाची प्रत भोपींच्याच कपाटात होती आणि या कारखान्यात समितीचा पत्ता नव्हता. मॅनेजरांनी त्यांना नीट विचार करा म्हणून बजावलं. शिर्के कंपनीला परवडतो, तुम्ही नाही परवडलात तर काय कराल, असंही विचारलं.

"जे होईल ते होईल, साहेब. पण हा अर्ज आता नोंदलेला आहे," भोपी म्हणाले, "आणि समिती नेमली नाही, तर त्याचीही नोंद होईल."

संध्याकाळी पाळी बदलताना ते पायलला भेटले. अर्ज नोंदवल्याचं सांगितलं आणि माफी मागितली. पायलने शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब, तेवीस दिवस मी रोज तुमच्या केबिनवरून गेले," ती म्हणाली. "रोज वाटायचं, आज हाक माराल."

 

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत मोतीबाई आल्या. त्यांच्यामागे आठजणी. कुणी सही केली, कुणी अंगठा उठवला. मोतीबाईंनी सांगितलं की त्यांच्या वेळीही हेच होतं, चौदा वर्षांपूर्वी, आणि तेव्हा कुणाला सांगायचं हेच ठाऊक नव्हतं. नऊ बायांचे अर्ज बघितल्यावर मॅनेजरांचाही नाइलाज झाला. प्रयोगशाळेतल्या केमिस्ट बाई अध्यक्ष झाल्या. कल्याणहून एका संस्थेच्या वकील बाई आल्या.

चौकशी सात आठवडे चालली. शिर्के म्हणाले, मी सगळ्यांना लेकीसारखं वागवतो. वकील बाईंनी विचारलं, लेकीला स्टोअरमध्ये नेऊन दार का लोटावं लागतं? कारखान्यात कुजबुज मात्र पायलबद्दलच चालली. हिचंच काहीतरी असणार, नऊजणी शिकवून आणल्या असणार, असं बोलणारे होते. चहा पिता पिता, सहज, हसून बोलणारे! ज्याने गुन्हा केला तो मान वर करून चालतो आणि जिच्यावर झाला ती खाली बघते, ही उलटी रीत आपण किती वर्षं चालवणार?

समितीने शिर्केंना दोषी ठरवलं. त्यांना कामावरून काढलं गेलं. पायल पहिल्या पाळीत परत आली. भोपींची त्या वर्षीची बढती मागे पडली आणि त्यांना हजेरीच्या खिडकीवर बसवलं. आपल्याकडे खरं वागण्याचं बक्षीस बऱ्याचदा असंच मिळतं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण घरी जिज्ञासाने विचारलं तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं, स्वतःच्या तेवीस दिवसांसकट.

समितीच्या अहवालात आणखी एक सूचना होती, कामगारांसाठी जागृतीचा वर्ग घ्यावा. साळवे सरांना पुन्हा विचारणा झाली. त्यांनी कळवलं की येतो, पण यावेळी सतरंजीवर पुरुष बसतील.

मे महिन्यातल्या एका सकाळी त्याच कँटीनमध्ये साठेक पुरुष बसले होते. कुणी वैतागलेले, कुणी खुसुखुसु हसणारे. सरांनी ठोसा दाखवला नाही, लाथ दाखवली नाही. शिर्केंच्या वागण्याबद्दल कुणाकुणाला ठाऊक होतं, एवढंच विचारलं. माना खाली गेल्या. सर उत्तराची वाट बघत उभे राहिले. पाच मिनिटं गेली असतील. मग चंदर नावाचा पॅकिंग मशीनवरचा ऑपरेटर उठला. चाळिशीचा, दोन मुलांचा बाप.

"मला ठाऊक होतं, सर. माझ्या मशीनपासून स्टोअरचं दार दहा पावलांवर आहे. ती आत गेली की मी तोंड फिरवायचो." तो खाली बघत पुढे म्हणाला, "माझी ड्युटी मशीनवर आहे, असं स्वतःला सांगायचो."

सरांनी त्याला रागावलं नाही. कँटीनच्या दुसऱ्या टोकाला एक बंद दार होतं. सरांनी त्याला त्या दारापासून दहा पावलांवर उभं केलं.

"आत्ता चाल," ते म्हणाले. "दारापर्यंत जा, दार उघड आणि आत बघून विचार, सगळं ठीक आहे ना?"

चंदर चालला. पहिली दोन-तीन पावलं अडखळत पडली. दाराशी पोचून त्याने कडी काढली, दार उघडलं आणि रिकाम्या खोलीत बघून मोठ्याने विचारलं, "ताई, सगळं ठीक आहे ना?"

तेवढं विचारून तो तिथेच चौकटीला धरून रडला. सरांनी पुढच्याला उभं केलं. मग त्याच्या पुढच्याला. साठजण एकामागून एक त्या दारापर्यंत चालत गेले. शेवटी खुर्चीवरून उठून भगवंत भोपीही गेले.

"पन्नास वर्षं शिकतोय मी हे," सर सगळ्यांना म्हणाले. "याच्याहून अवघड डाव मला अजून भेटला नाही. रोज सराव करा."

नागरिकहो, मुलींना स्वसंरक्षण जरूर शिकवा, ते त्यांच्या कामी येईल. पण त्यांना शिकवून आपण मोकळे झालो असं समजू नका. बाईने हात झटकायला शिकावं आणि आपण खुर्चीवर बसून टाळ्या वाजवाव्यात, हा न्याय नव्हे. जिथे हात टाकणाऱ्याला माहीत असतं की बघणारे गप्प बसतील, तिथेच त्याचा हात उठतो. तुमच्या कचेरीत, कारखान्यात, शेजारच्या घरात असं एक दार असेल. ते दहा पावलांवर आहे. उठा आणि जाऊन विचारा.